दोनशे बारा तास आणि एक प्लास्टिकची फाइल

दर पंधरा-वीस दिवसांनी एखादा मेसेज येतोच. "दादा, पायलट व्हायला किती लागतात?" किती म्हणजे पैसे, हे वेगळं सांगावं लागत नाही. कधी विट्यातून, कधी तासगावातून, एकदा तर थेट बार्शीहून, कुणाच्या तरी साडूनं नंबर दिला म्हणून. मी आकडा सांगतो, समोरून "बापरे" येतं आणि विषय तिथंच संपतो. त्या आकड्याच्या पुढचं कुणी विचारत नाही आणि फोनवर एवढं टाइप करायचा मलाही कंटाळा येतो. म्हणून इथं एकदाच लिहून ठेवतो.

मी खानापूर तालुक्यातला, विट्याच्या जरा पलीकडचा. आमच्याकडची ओळख म्हणजे गलाई. पाऊस नाही, शेतात दगड, म्हणून दोन-तीन पिढ्यांपूर्वी माणसं बाहेर पडली, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली आणि देशभर पसरली. तमिळनाडू, केरळ, बंगाल, उत्तर प्रदेश, कुठंही सराफ बाजाराच्या मागच्या बोळात भट्टीशेजारी मराठी ऐकू आलं, तर तो माणूस बहुधा आमच्याच भागातला निघतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, सतरा वर्षांचे असताना कोइमतूरला गेले. खिशात मावसभावाचा पत्ता आणि तमिळचा एक शब्द येत नाही. मावसभाऊ तोवर दुसऱ्याच गावाला निघून गेलेला. मग अण्णांनी सराफांची दारं एकेक करून वाजवली. ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली आणि शंभरदा जांभई दिली.

आता आकडा. २०१२-१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला मी कमर्शियल लायसन्स (पगारावर विमान उडवायचा परवाना) केलं. राहणं, खाणं, परीक्षा, व्हिसा, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांचं विमान आणि नुसत्या उपकरणांवर उडवायची जादा परवानगी) धरून बावीस लाखांच्या पुढं गेलं. घर तारण ठेवलं, उरलेलं अण्णांनी धंद्यातून काढलं. आज त्यात होत नाही, तेवढ्यावर हिशेब मांडू नका.

पैसे भरायच्या आधी मेडिकल करा. हे एवढं साधं वाक्य आहे आणि तरी लोक उलटं करतात. इस्लामपूरचा एक पोरगा माझ्याबरोबर निघायचा होता. फ्लाइंग स्कूलची अनामत भरली, सुटकेस घेतली, घरी सत्यनारायण झाला. मग मेडिकलला रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा त्याला दिसेना. लाल-हिरव्यात गोंधळ. त्याला आयुष्यात पहिल्यांदा ते कळलं, तेही अनामत बुडाल्यावर.

पोर्ट एलिझाबेथला तिथले लोक वाऱ्याचं शहर म्हणतात आणि ते उगाच नाही. (२०२१ पासून त्या शहराचं नाव गेबेऱ्हा झालं आहे. माझ्या लॉगबुकात मात्र जुनंच नाव आहे.) समुद्रावरून वारा असा येतो की विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) काठीसारखा ताठ. पहिले दोन महिने मला वाटायचं, आपण चुकीच्या गावी आलो. सरळ धावपट्टीवर उतरायचं आणि विमानाचं नाक मात्र तिरकं, खेकड्यासारखं. चाकं टेकायच्या क्षणी पायानं सरळ करायचं, वाऱ्याकडचा पंख किंचित खाली. माझा इन्स्ट्रक्टर उंच, लाल मानेचा आफ्रिकानर, म्हणजे तिथला डच वंशाचा गोरा माणूस. रागवायचा नाही, फक्त खिडकीबाहेर बघत "पुन्हा" म्हणायचा. "जस्ट नाऊ येतो" म्हणून गेला की दोन तास फिरकायचा नाही. तिथल्या इंग्रजीत जस्ट नाऊ म्हणजे नंतर कधीतरी, हे कळेपर्यंत मी उन्हात विमानाशेजारी उभा राहून बऱ्याच वेळा करपलो.

आणि मीटर. विमानातही रिक्षासारखं मीटर असतं, इंजिन चालू झालं की पडायला लागतं. रँड, म्हणजे तिथलं चलन, तेव्हा साडेसहा रुपयांच्या आसपास होता. जोहान्सबर्गचं बोइंग उतरेपर्यंत धावपट्टीच्या तोंडाशी सहा मिनिटं थांबलो, तर साधारण हजार रुपये गेले. ती सहा मिनिटं मी चेकलिस्टच्या ऐवजी अण्णांच्या भट्टीचा विचार करत काढायचो. असं करू नये. पहिल्या सोलोनंतर, म्हणजे एकट्यानं केलेल्या पहिल्या उड्डाणानंतर, पोरांनी अंगावर बादली ओतली, फोटो काढला, तो फोटो अजून आमच्या घरी टीव्हीच्या वर आहे. त्यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांची पहिली सोलो सारखीच असते.

कमर्शियलच्या आठ लेखी परीक्षा, प्रत्येकीत पंच्याहत्तर टक्के. त्याच दिवसांत, ऑक्टोबर २०१२ मध्ये, किंगफिशर एअरलाइन्सचं लायसन्स निलंबित झाल्याची बातमी आली. होस्टेलवर आम्ही चार भारतीय होतो. कुणी काही बोललं नाही. एकानं लॅपटॉप बंद केला आणि मॅगी करायला गेला. त्या कंपनीचे हजारो तासांचे कॅप्टन आता आमच्याच रांगेत, आमच्या पुढं उभे राहणार, हे सगळ्यांना कळलं होतं.

ऑगस्ट २०१३ ला लायसन्स हातात आलं. लॉगबुकात २१२ तास. मी परत आलो, डीजीसीएच्या (आपल्याकडच्या विमान वाहतूक खात्याच्या) परीक्षा देऊन लायसन्स भारतीय करून घ्यायच्या मागे लागलो. पुण्यातल्या एका एजंटनं "नोकरीची हमी" म्हणून दीड लाख घेतले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. नाव घेत नाही. नाव घेऊन पैसे येत नाहीत, मी बघितलंय प्रयत्न करून. पुढं वर्षभर विट्यात दहावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवलं. बाजारात भेटलेला माणूस विचारायचा, "काय पायलट, इमान कुठं लावलंय?"

लायसन्स नासतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मेडिकल दरवर्षी. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तपासणी दरवर्षी. प्रवासी न्यायचे तर गेल्या नव्वद दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झालेली हवीत. म्हणजे नोकरी नसताना नुसतं पायलट राहायलासुद्धा पैसे लागतात. २०१४ च्या दिवाळीत मी हिशेब केला तेव्हा शिकवणीची सगळी कमाई लायसन्स जिवंत ठेवण्यात जात होती. हप्ते अण्णा भरत होते.

तेवढ्यात पोर्ट एलिझाबेथच्या रूममेटचा मेल आला. झिंबाब्वेचा पोरगा, फार लिहिणारा नव्हे. तो बोत्सवानात माउन नावाच्या गावी सेसना उडवत होता. मेलमध्ये तीनच ओळी: जानेवारीत ये. सीव्ही मेल करू नको, कुणी उघडत नाही. स्वतः ये आणि बस.

माउन हे ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण टोकाला आहे. ओकावांगो ही अंगोलाच्या डोंगरात उगम पावणारी नदी समुद्राला जातच नाही, कलहारीच्या वाळूत पसरून तिथंच संपते. २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात हा त्रिभुज प्रदेश हजारावी जागा म्हणून गेला. आत बेटांवर पर्यटकांच्या छावण्या आहेत आणि कित्येक ठिकाणी गाडीनं पोचताच येत नाही. त्यामुळं तिथं विमान म्हणजे एसटी. सहा आसनी सेसना २०६ सकाळी निघतं, इथं दोन माणसं सोडतं, तिथं तीन उचलतं, मधे कुणाच्या छावणीतला टोमॅटोचा खोका. जून ते ऑक्टोबर गर्दीचा हंगाम. त्याआधी नवी पोरं शिकवून तयार करायची म्हणून कंपन्या वर्षाच्या सुरुवातीला माणसं बघतात. जूनमध्ये गेलात तर कुणाला तुमच्याशी बोलायलाही वेळ नसतो.

जानेवारी २०१५ ला मी उतरलो तेव्हा हातात एक प्लास्टिकची फाइल होती: सीव्हीच्या वीस प्रती, लायसन्स, लॉगबुक. विमानतळाच्या आसपासच चार पावलांवर कंपन्यांची ऑफिसं. मी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्याच दिवशी सगळीकडं फिरलो. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर: चीफ पायलट उड्डाणावर आहेत, फाइल ठेवून जा. ठेवायच्या जागी आधीच फायलींचा गठ्ठा.

आम्ही असे बसलेले आठ जण होतो. बेल्जियमचा एक, दक्षिण आफ्रिकेचे चार, एक केनियाची मुलगी, जर्मनीतली इंजिनिअरची नोकरी सोडून आलेला एक चाळिशीचा माणूस. सगळ्यांचे तास दोनशे ते तीनशेच्या मधले. म्हणजे लायसन्स दाखवून कुणी कुणाच्या पुढं जाणार नव्हतं. थामालाकाने नदीच्या काठी एका बॅकपॅकर्समध्ये माझा तंबू. जानेवारी म्हणजे तिथला पावसाळा. दिवसा अंगाची लाही आणि संध्याकाळी असा गडगडाट की तंबू हातानं धरून बसायचं. काही जण बारमध्ये कामाला लागले. मी गेलो नाही, पासपोर्टवर टुरिस्टचा शिक्का होता आणि तेवढ्यासाठी हाकलून द्यायला नको होतं. नंतर वर्क परमिटच्या वेळी माझी ही भित्री सवय उपयोगाला आली.

रोज सकाळी दारात. "दुमेला मा" म्हणायचं रिसेप्शनवरच्या बाईंना, पुरुष असेल तर "दुमेला रा". आधी नमस्कार, मग तब्येत, मग काम. नमस्कार न करता कामाचं बोलणारा माणूस तिथं उद्धट समजतात, आपल्या गावाकडं समजतात तसाच. दुसऱ्या आठवड्यात त्या बाईंनी मला "इंडिया" म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात खुर्ची दिली. एक दिवस रिकाम्या सीटवर बसून फेरी मारायला मिळाली. खिडकीतून खाली बघत मी बेटांचे आकार वहीत काढले, कारण वरून सगळं सारखंच दिसतं: पाणी, लव्हाळं, ताडाची झाडं. कित्येक बेटं वाळवीच्या वारुळांपासून तयार झालेली असतात, वारूळ उंच, त्यावर झाड, झाडाभोवती माती. हे मला त्या झिंबाब्वेच्या पोरानं सांगितलं.

रात्री अण्णांना फोन केला. म्हटलं, पाच आठवडे झाले, काही होत नाही. ते म्हणाले, "दार बदलतूस का रोज?" म्हटलं, नाही, तीच दारं आहेत. "मग बरं हाय. मानसं वळखाय लागली असतील." आणि फोन ठेवला, आयएसडीचं बिल म्हणून.

सातव्या आठवड्यात एका कंपनीच्या चीफ पायलटनं आत बोलावलं. मुलाखत नव्हतीच. त्यानं टेबलावरचा कागद उलटा केला आणि म्हणाला, सेसना २०६, कमाल वजन १६३३ किलो. रिकामं विमान हजार धर. तू चौसष्ट. पाच प्रवासी मिळून ३७०, बॅगा ८०. इंधन किती भरशील?

आमच्या घरात तोळे, मासे, गुंजा यांचे हिशेब तोंडी चालायचे. कॅल्क्युलेटर काढला की आजोबा हिणवायचे. उरले ११९ किलो, अॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) लिटरला ०.७२ किलो, म्हणजे १६५ लिटर. मी लगेच सांगितलं. त्यानं स्वतःच्या फोनवर करून बघितलं, मग विचारलं, "भरशील?"

तिथं मी थांबलो. बाहेर तापमान ३८. माउन समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर. एवढ्या उन्हात हवा इतकी पातळ होते की विमानाच्या दृष्टीनं तुम्ही साडेसहा हजार फुटांवर उभे असता. मी विचारलं, उड्डाण किती वेळाचं? म्हणाला, जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. मग म्हटलं, तासाला साठ लिटर जातात, राखीव धरून शंभर पुष्कळ झाले. उरलेले पासष्ट लिटर म्हणजे सत्तेचाळीस किलो, ते कशाला वाहायचे?

"उद्या सहाला ये," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं जीपीएस बंद करून मला दोन तास फिरवलं. वहीतली बेटं कामाला आली. मग बोत्सवानाच्या हवाई कायद्याची परीक्षा, मेडिकल, पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसातून पोलिसांचा दाखला, आणि परमिटची वाट बघण्यात साडेतीन महिने. त्या काळात पगार नाही. हेही हिशेबात धरा. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो: तिथं पहिला हक्क तिथल्या नागरिकांचा आहे, आणि ते बरोबरच आहे. परदेशी माणूस म्हणजे मधली जागा भरणारा. माझ्या हाताखाली शिकलेले तीन बात्स्वाना (तिथल्या नागरिकांना असंच म्हणतात) पायलट आज माझ्याच जागी उडतात.

कामाचं म्हणाल तर निम्मं काम हमालाचं. बॅगा उचलायच्या, तोलायच्या, मागच्या कप्प्यात रचायच्या, विमानाची काच पुसायची, म्हाताऱ्या जर्मन बाईंना पायरी चढवायची. प्रत्येक पाहुण्याला वीस किलो, तेही मऊ बॅगेत, कारण चाकांची कडक सुटकेस २०६ च्या पोटात जात नाही. हे महिनाभर आधी कळवलेलं असतं आणि तरी रोज एक जण सुटकेस घेऊन येतोच.

उतरण्याआधी धावपट्टीवरून एक फेरी खालून मारायची, जनावरं बघायची. रानडुकरं पळतात. इम्पाला पळतात आणि परत येतात. हत्ती पळत नाही. माझ्या पहिल्या महिन्यात एक हत्ती पट्टीच्या मधोमध अंगावर धूळ उडवत उभा राहिला आणि मी अकरा मिनिटं वर घिरट्या घालत होतो. मागं बसलेले पाहुणे फोटो काढून खूश, मी इंधनाच्या काट्याकडं बघतोय. शेवटी छावणीतली जीप आली, लांबूनच हॉर्न वाजवला, तेव्हा साहेब सावकाश निघाले.

ऑक्टोबर सगळ्यात वाईट. पारा चाळिशीला, दुपारची हवा उकळत्या दुधासारखी, आणि मागच्या सीटवर कुणीतरी कागदी पिशवी शोधतंय. जूनमध्ये मात्र बघायची गोष्ट असते. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि तरी नदी चढते. अंगोलात जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस चार-पाच महिने वाळूतून सरपटत तेव्हा माउनला पोचतो. कोरड्या पात्रात पाण्याची जीभ पुढं सरकताना वरून दिसते आणि लोक काठावर जाऊन उभे राहतात. टेंभू उपसा योजनेचं पाणी पहिल्यांदा आमच्याकडं आलं तेव्हा आई-अण्णा असेच कालव्यावर जाऊन उभे राहिले होते, पाऊस नसताना आलेलं पाणी बघायला.

पगार? पहिलं वर्ष माझं भागलं, हप्ता भागला नाही. दुसऱ्या वर्षी निम्मा हप्ता मी भरला. २०१७ मध्ये नऊशे तास झाल्यावर कॅराव्हॅन या मोठ्या सेसनावर गेलो. टर्बाइन इंजिन, बारा-तेरा माणसं. तेव्हा कुठं घराचे कागद बँकेतून सुटले. एअरलाइनमध्ये का गेला नाहीस, असंही लोक विचारतात. दोनदा अर्ज केला, एकदा बोलावणं आलं, त्याच आठवड्यात माउनचा हंगाम सुरू होता. खरं कारण तेच की दुसरं, मलाही नीट सांगता येणार नाही.

२०१८ च्या जुलैत आई-अण्णा आले. आईनं विमानतळावरच्या गाढवांकडं बघून विचारलं, "ही मोकाटच का?" मी त्यांना दुपारच्या रिकाम्या फेरीत नेणार होतो. नियम म्हणजे नियम, त्यांनाही काट्यावर उभं केलं. आमच्या ऑफिसाबाहेर एक जुना सुईचा काटा होता, त्यावर रोज माणसं आणि बॅगा तोलून यादीत आकडे लिहायचे. आईचं वजन झालं. अण्णा मात्र काट्यावर चढेनात. चप्पल काढून, हात मागं बांधून वाकून बघत उभे.

"अण्णा, चढा की."

"ह्याच्यावर कोन नाय आत्ता."

"म्हणूनच चढा म्हणतोय."

"आरं, कोन नाय तर सुई शून्यावर पायजे का नको?"

मी वाकून बघितलं. सुई दीड-दोन किलोवर टेकलेली. चार महिने, की सहा, कोण जाणे, आम्ही सगळे भरलेल्या काट्याकडंच बघत होतो. जास्त दाखवत होता, कमी नाही, म्हणून बरं. चीफ पायलट बाहेर आला, त्यानं बघितलं, कपाळाला हात लावला. अण्णांनी खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं, खाली बसले, बाजूच्या स्क्रूत नाण्याची कड घालून हळूहळू फिरवलं, सुई शून्यावर आणली. वर बोटानं टिचकी मारली, परत बघितलं. मग चढले.

"हं, लिव्ह. छप्पन."